शिवारातले जुने पाणी आणि गावातला तुटलेला संवाद : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : बालाघाटकर

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या एका लहान गावाची ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते सगळे माझे शेजारी आणि भाऊबंद आहेत आणि त्यांच्याशी मला उद्याही बोलायचे आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळात लोकांनी दुष्काळी कामावर माती वाहून बांधलेला पाझर तलाव आहे. खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, त्याहून कितीतरी जुनी दगडी बारव आहे. तिच्या कोनाड्यातल्या देवांना अजूनही सणासुदीला हळदकुंकू लागते, पण खालच्या पायऱ्या गाळात गडप झाल्या आहेत आणि भिंतीच्या सांध्यांतून पिंपळ उगवला आहे. तलावही गाळाने इतका भरला आहे, की दोन चांगले पाऊस झाले की सांडवा वाहू लागतो आणि दिवाळीनंतर तळाला भेगा दिसतात. घरोघरी जुनी माणसे सांगतात, की पूर्वी बारवेचे पाणी उन्हाळ्यातही हटत नसे. आता फेब्रुवारीत टँकरची मागणी लिहावी लागते.

खरी अडचण मात्र पाण्यापेक्षा माणसांची आहे. वरच्या शिवारातील काही शेतकऱ्यांनी प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी केली आहेत आणि ती ते विंधनविहिरींच्या पाण्याने भरून घेतात. त्यांच्या फळबागा त्यावर तगल्या आहेत, आणि बागेसाठी काढलेले कर्ज फेडायचे असल्यामुळे त्यांना दुसरा मार्गही दिसत नाही. खालच्या शिवारातील विहिरी त्याच काळात कोरड्या पडतात. मागच्या ग्रामसभेत मी तलावातील गाळ काढण्याचा आणि बारव दुरुस्त करण्याचा विषय मांडला. वरच्या अंगाचे एक ज्येष्ठ शेतकरी म्हणाले, की गाळ काढला तर पाणी खालच्यांच्या विहिरींना जाणार, मग आम्ही वर्गणी कशासाठी द्यायची? त्यावर खालून उत्तर आले, की तुमच्या तळ्यात साठले आहे ते आमचेच पाणी आहे. तिथून बोलणे आधीच्या पिढीतल्या बांधाच्या भांडणावर गेले, मग निवडणुकीवर गेले आणि शेवटी कोणताही ठराव न होता सभा उठली. मागे बसलेल्या बायका, ज्या रोज डोक्यावरून पाणी आणतात, त्यांतील एकीलाही बोलता आले नाही.

तेव्हापासून लोक म्हणतात, की या गावात पाण्यावर बोलणेच नको. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुने तलाव आणि बारवा दुरुस्त केल्याने आजच्या उपशाच्या काळात खरोखर फरक पडतो का? आणि ज्या गावात बोलणे भांडणापाशी येऊन थांबते, तिथे एकमेकांचा मान राखून पाण्यावर बोलायला सुरुवात कशी करायची? ज्यांनी हे आपल्या गावात पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूजलमित्र

ताई, मी भूजलाच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यामुळे आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. दुसऱ्या प्रश्नाची वाटही मला तिथूनच निघताना दिसते.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि बालाघाट त्यातच येतो. या खडकाच्या अंगी पाणी धरण्याची ताकद मुळात कमी असते. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात, भेगांमध्ये आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत. म्हणून आपल्याकडच्या विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकाम्या होतात. जुन्या लोकांनी बारव ओढ्याकाठी खोदली ती याच कारणाने. ओढ्यालगत मुरमाचा थर जाड असतो आणि वरून मुरत येणारे पाणी तिथे सापडते. तुमचा तलाव वर आणि बारव खाली, ही रचना म्हणूनच मोलाची आहे. तलावाच्या तळाशी साचलेला चिकण गाळ पाण्याला खाली मुरू देत नाही. तो काढला की साठाही वाढतो आणि पाझरही मोकळा होतो.

मात्र याबरोबर दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उद्या लोकांची निराशा होईल आणि दोष तुमच्या माथी येईल. पहिली अशी, की गाळ काढताना गाळच काढावा, यंत्र लावून तळाचा मुरूम फोडत खोल जाऊ नये. अतिउत्साहात केलेल्या खोलीकरणामुळे आसपासच्या विहिरींतलेच पाणी खड्ड्यात उतरल्याचे मी पाहिले आहे. दुसरी अशी, की बारव साफ केल्याने जमिनीत नवे पाणी येत नाही. बारव ही भूजलाची उघडी खिडकी आहे आणि तिच्यात दिसते ती त्या थरातल्या पाण्याची पातळी. वर विंधनविहिरींचा उपसा आहे तसाच राहिला, तर स्वच्छ बारवही मार्चमध्ये कोरडी दिसेल. म्हणून दुरुस्ती आणि उपशाचा नियम या दोन्ही गोष्टी एकत्रच बोलाव्या लागतात.

आता तुमच्या गावातले भांडण पाहा. वरचे म्हणतात पाणी खाली जाते, खालचे म्हणतात पाणी वर ओढले जाते, आणि दोघांपैकी कोणीही ते मोजलेले नाही. अशा वेळी सभेत मत मागण्याऐवजी मोजमापाचे काम पुढे आणावे, असा माझा आग्रह आहे. वरच्या शिवारातील काही विहिरी, खालच्या शिवारातील काही विहिरी आणि मध्ये बारव, अशी ठिकाणे दोन्ही बाजूंच्या संमतीने निवडा. दोराला दर मीटरला गाठ मारून, टोकाला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजता येते. एवढ्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मोजायला जाताना वरच्या अंगाचा एक आणि खालच्या अंगाचा एक अशी जोडी जावी आणि आकडा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत घेते. तुम्हीही निदान तेच महिने धरले तर तुलना करणे सोपे जाईल. सकाळी पंप सुरू होण्याआधी मोजणे महत्त्वाचे आहे, कारण चालू पंपाच्या विहिरीचा आकडा खोटा वाद निर्माण करतो.

शेततळ्यांचा विषयही आकड्यांतूनच शांतपणे मांडता येईल. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा शेततळ्यात, बाजू उताराच्या असल्याने, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर तळे काठोकाठ भरलेले असताना रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. जमिनीखालून वर काढलेले पाणी असे उडून जाणे हे तळ्याच्या मालकाचेही नुकसान आहे, कारण त्या उपशाच्या विजेचा भार त्यानेच सोसलेला असतो. हा हिशेब त्यांच्यासमोर आरोप म्हणून मांडू नका. तळे पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या पाण्याने किती भरता येईल आणि विंधनविहिरीवरचा भार किती कमी करता येईल, हा प्रश्न त्यांनाच विचारा. बागाईतदाराला पाण्याचे शास्त्र बाहेरच्या माणसापेक्षा कमी कळते असे समजण्याचे कारण नाही. त्याला कोणी सन्मानाने विचारलेले नसते, एवढेच.

कायद्याची बाजूही माहीत असावी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला मज्जाव करण्याची तरतूद १९९३ च्या कायद्यात आली, आणि २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधनविहिरींवर निर्बंध आणले. परंतु माझा अनुभव असा आहे, की सभेत कायद्याचे कलम आधी वाचले तर लोक वकील शोधायला जातात. कलम आपल्या फायलीत असू द्या आणि बोलण्याची सुरुवात विहिरींच्या आकड्यांनी करा.

पांझराकाठ

भूजलमित्र यांनी मोजणीचे सांगितले ते पटते. पण आकडे कळल्यावरही पाणी कमी पडणारच आहे, आणि कमी पडलेले पाणी कसे वाटायचे यावर पूर्वीच्या लोकांनी काय ठरवले होते, ते मी आमच्या भागातल्या फड पद्धतीवरून सांगू इच्छितो.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपासून ही पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, तिथून कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत लहान पाट न्यायचे, अशी तिची बांधणी आहे. बंधारे आणि कालवे तर इतरत्रही दिसतात. मला तिचे मोल वाटते ते तिच्या नियमांत. भिजणारी सगळी जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे असते. ऊस कोणत्या फडात, हंगामी पीक कोणत्या फडात आणि पाणी कमी असेल तर कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवते. बहुतेक शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. त्यामुळे एक फड कोरडा ठेवला तर झळ सर्वांना थोडी थोडी लागते आणि कालव्याच्या शेपटाकडचा एकटा माणूस मारला जात नाही.

पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करत नाही, हाही त्यातला मोठा विचार आहे. पाणी पाटकरी देतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि त्यांच्यावर देखरेख हवालदार करतो. त्यांना मोबदला गाव देते. माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले आठवते, की पाटकरी शेतात बारे देत असताना शेताच्या मालकाने बांधावर उभे राहून त्याला काही सांगणे चांगले मानले जात नसे. ज्याला जास्त पाणी हवे आहे त्याच्या हाती दार नसावे, एवढ्या एका व्यवस्थेने रात्रीअपरात्रीची किती भांडणे टळली असतील, याचा विचार करावा. धरणे झाली, विहिरी आणि पंप आले, ज्याच्या त्याच्या हातात स्वतःचे पाणी आले, तशी अनेक गावांत फडाची शिस्त सैल झाली. काही ठिकाणी ती अजून टिकून आहे.

ताई, तुमच्या गावात बंधारा-कालवा नाही, म्हणून फड जसाच्या तसा नेता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही तुमच्या वादाचे मूळ मला असे दिसते, की वरच्यांना कामाचा खर्च दिसतो आणि लाभ दिसत नाही, आणि खालच्यांना टंचाई दिसते पण वरच्यांचे कर्ज दिसत नाही. फडाच्या नियमाने दोघांचाही तोटा एकाच कागदावर लिहायला लावला असता. सभेत ‘पाणी कोणाचे’ हा प्रश्न न ठेवता ‘पाणी कमी पडले तर कोणी काय सोडायचे’ हा प्रश्न ठेवून पाहा. वरचे कदाचित म्हणतील, की जुन्या बागा जगवू द्या, नवी लागवड आम्ही थांबवतो. खालचे कदाचित म्हणतील, की उन्हाळी पीक आम्ही घेणार नाही, पण पिण्याच्या विहिरीला धक्का लागता कामा नये. अशी देवाणघेवाण तोंडावर आली की रागाचा पारा आपोआप उतरतो.

याच विचाराची अलीकडची उदाहरणेही आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणसांवर ठरवायचा, माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, असा त्यांचा नियम होता. भूमिहीनालाही पाण्यात हक्क होता आणि उसाला मनाई होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी विंधनविहिरी न घेण्याचे ठरवले, आणि दरवर्षी पडलेला पाऊस व उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली. तिथेही समतल चर आणि माती-दगडांचे बांध झालेच, पण इतर अनेक गावांत तेच बांध होऊनही पाणी टिकले नाही, कारण वापराचा ठराव झाला नव्हता.

बालाघाटकर

दोघांचेही मनापासून आभार. ‘कोणी काय सोडायचे’ हा प्रश्न आमच्या सभेत कधीच विचारला गेलेला नाही, आणि तो विचारण्याचे धैर्य मला आता वाटू लागले आहे. एक शंका आहे. जोडीने विहिरी मोजायला वरच्या अंगाचे लोक तयार झालेच नाहीत, तर काय करावे? शिवाय आमच्या सभेत बोलणारे पाच-सहा जण ठरलेले असतात. बायका आणि वस्तीवरचे लोक येतात, बसतात आणि निघून जातात. त्यांना बोलते कसे करावे?

महाडची लेक

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मी लिहिते, कारण वरच्या चर्चेत ती बाजू राहून गेली असे मला वाटते.

पारंपरिक जलव्यवस्थेविषयी आपण आदराने बोलतो आणि तो आदर योग्य आहे. परंतु त्या तळ्यांच्या आणि बारवांच्या काठावर कोणाला उभे राहू दिले जात नव्हते, हेही त्याच परंपरेत आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला, तेव्हा ती किती मोठी गोष्ट होती याची आज कल्पना करणे कठीण आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हा त्यांच्या लोकांवर हल्ला झाला, आणि न्यायालयात तो हक्क कायम व्हायला १९३७ साल उजाडले. ठराव कागदावर होता. काठावरचा मान मात्र मिळालेला नव्हता.

हे मी कोणाच्या जखमा उकरण्यासाठी लिहीत नाही. तुमची बारव दुरुस्त करायची असेल, तर वस्तीवरच्या माणसांच्या मनात तिच्याविषयी कोणत्या आठवणी आहेत हे आधी विचारा, एवढेच मला म्हणायचे आहे. ज्या पायऱ्यांवर त्यांच्या आजीला पाय ठेवू दिला नव्हता, त्या पायऱ्यांवरचा गाळ त्यांनी श्रमदानात उपसावा अशी अपेक्षा करताना, ती गोष्ट सर्वांसमोर मान्य करण्याचा मोठेपणा गावाने दाखवला पाहिजे. हे बोलणे अवघड आहे. पण ते एकदा मोकळेपणाने झाले की पुढचे काम हलके होते, असे मी आमच्या भागात पाहिले आहे.

बोलते करण्याविषयी सांगायचे तर सभा भरवण्याची जागा आणि वेळ बदलून पाहा. ग्रामपंचायतीच्या खोलीत खुर्च्या मोजक्या असतात आणि त्या कोणाच्या असतात हे सर्वांना माहीत असते. तीच बैठक बारवेच्या काठावर, सगळ्यांनी जमिनीवर बसून, सकाळचे पाणी भरून झाल्यावर घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या पंचायत कायद्यात आहेच, तिचा उपयोग पाण्याच्या विषयासाठी करा आणि तिथे जे ठरेल ते मुख्य सभेत सर्वांत आधी वाचून दाखवा. पाणी भरणाऱ्या बाईला ‘तुमचे मत काय’ असे विचारले तर ती लाजेल. तिला विचारा, की कोणत्या महिन्यात कोणत्या हापशाला किती वेळ थांबावे लागते आणि पाण्याला वास कधीपासून येऊ लागतो. त्या उत्तरांत जी माहिती असते ती गावातल्या कोणत्याही पुरुषाकडे नसते.

वरच्या अंगाचे लोक मोजायला आले नाहीत तर त्यांच्या घरी जा. सभेत चार लोकांसमोर ज्याचा आवाज चढतो, तोच माणूस आपल्या ओसरीवर चहा देऊन खरे बोलतो. त्या ज्येष्ठ शेतकऱ्यांना, १९७२ मध्ये तलाव बांधला गेला तेव्हा ते कुठे होते, त्यांच्या घरातले कोण कामावर होते, हे विचारा. बहुधा त्यांनीच किंवा त्यांच्या आईवडिलांनी त्या बांधावर माती टाकलेली असेल. ती हकीकत त्यांच्याकडून शाळेतल्या मुलांसमोर सांगवून घ्या. ज्यांचे हात त्या कामाला लागले होते, त्यांना आज त्याच तलावाच्या विरोधात उभे करून आपण त्यांच्यावरही अन्याय करत असतो.

धानपट्टा

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावांचा, अनुभव थोडक्यात जोडतो. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून ते बांधले आणि धानाची शेती त्यांवर उभी राहिली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. जमीनदारी गेली हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर पाळ बुजवणे, गाळ काढणे, सांडवा सांभाळणे ही दरवर्षीची कामे कोणाची, हा प्रश्न अधांतरी राहिला. तलाव सर्वांचे झाले आणि त्यांची निगा कोणाचीच राहिली नाही.

सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. आमच्याकडे काही तलावांचे पुनरुज्जीवन ढिवर समाजाच्या मासेमारांनी पुढाकार घेऊन केले. तलावात माजलेली बेशरम या तणाची झाडे त्यांनी मुळासकट काढली आणि तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण कोणत्या माशाला कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालायला आवडते, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. शेतकऱ्याला तलावात फक्त धानाचे पाणी दिसते, मासेमाराला त्यात मासा दिसतो, गुराख्याला उन्हाळ्यातला चारा दिसतो. या सगळ्यांना एकत्र बसवले की तलावात किती पाणी शेवटपर्यंत राखून ठेवायचे यावर बोलणे निघते. तुमच्याकडेही जनावरे राखणारे आणि मासे सोडणारे कोणी असतील तर त्यांना वगळू नका. शेतकऱ्यांच्या दोन गटांत अडकलेल्या चर्चेला तिसऱ्या माणसाच्या गरजेने वाट फुटते.

बालाघाटकर

आपणा सर्वांचे वाचून मी काल त्या ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या घरी गेले. तलावाच्या बांधाविषयी विचारताच त्यांनी आपल्या आईने त्या कामावर पाटीने माती कशी वाहिली ते सांगितले. बांधावर दगडी पिचिंग कोणत्या टोकापासून सुरू झाले आणि पाझर कोणत्या बाजूने जास्त होतो, हेही त्यांना नेमके माहीत आहे. वर्गणीविषयी ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. निघताना मात्र त्यांनी सांगितले, की विहिरी मोजणार असाल तर माझीही मोजा, पण आकडा भिंतीवर लिहिण्याआधी मला दाखवा. ही अट मान्य करावी का, आणि नोंदवहीत आणखी काय लिहावे, एवढे सांगावे.

भूजलमित्र

अट अवश्य मान्य करा, आणि तीच सवलत वरच्या व खालच्या सर्व विहीरमालकांना द्या. मोजणी झाल्यावर जागेवरच मालकाने वहीत सही किंवा अंगठा करावा, म्हणजे आकडा भिंतीवर जाण्याआधी त्याने पाहिलेला असेल आणि नंतर कोणी बदलल्याचा संशय राहणार नाही. नोंदवहीत तारीख, मोजण्याची वेळ, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, विहिरीची एकूण खोली, आदल्या दिवशी पंप किती तास चालला आणि मोजणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. काठावरचा ज्या दगडापासून मोजता त्यावर रंगाने खूण करा, कारण दर वेळी निराळ्या जागेवरून मोजले तर वीतभराचा फरक सहज पडतो. पावसाची नोंदही त्याच वहीत असावी. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवता आला तर मुले ते काम आनंदाने करतील, आणि एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी हे गणितही त्यांना तिथेच शिकवता येईल.

पहिली मोजणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर करा आणि रब्बीची पेरणी ठरण्याआधी बैठक घ्या. त्या बैठकीत फक्त आकडे वाचावेत, ठरावाची घाई करू नये. गाळ काढण्याचे काम तसेही तलाव कोरडा पडल्यावरच करता येते, तेव्हा वर्गणी आणि उपशाचा नियम यांवर बोलायला तुमच्या हाती जानेवारी आणि मार्चच्या मोजण्या आलेल्या असतील. गाळाची माती कोणाच्या शेतात जाणार हे मात्र आधीच ठरवून लिहून ठेवा. त्या मातीवर वरच्या अंगाच्या हलक्या, मुरमाड जमिनींचा हक्क आधी धरला, तर वर्गणीच्या प्रश्नाला त्यांच्याकडूनही उत्तर मिळण्याची शक्यता आहे.